आबांचा डावा डोळा

सौसरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या बसमध्ये प्रणालीचं बाळ एकदाचं झोपलं. तिच्या पुढच्या सीटवर मायलेक बोलत बसले होते. दोघांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं एक मोठं चित्र होतं.

"माय, परवा वर्षश्राद्ध हाय. सोयरे चित्रात बाबाचा झाकला डोळा पाहून हसतीन."

"तो जन्माचाच अर्धा झाकला होता. भगवंतराव पेंटरनं तुह्या बाबाले संत्र्याच्या बगिच्यात समोर बसवलं, अन् दिसले तसे काढले."

"त्याले डेन्मार्कचं खूळ हाय! तिकडं एक जुना चित्रकार होता म्हणे, मोठ्यामोठ्या माणसाच्याही सुरकुत्या सोडत नव्हता."

"मग तुले काय पायजे?"

"दोन्ही डोळे सारखे, अन् अंगात कोट. पांढुर्ण्यात पेंटरकडून आजच दुरुस्त करून घेतो."

"तुह्या बापानं लग्नातही कोट घातला नव्हता. सोयरे म्हणतीन, हा कोण आमदार टांगला?"

"माय, मजाक नको करू."

"बरं. काल तुही उर्वशी चित्रापुढं आरसा घेऊन बसली होती."

"काहून?"

"शाळेत पोरी तिच्या डोळ्यावरून चिडवून राहिल्या नं. म्हणे, आजी, आबाचा डोळा माह्यासारखाच हाय. आता कोणी चिडवलं, तर घरी आणून दाखवीन."

मग कंडक्टर आला.

"पांढुर्णा दोन का?"

"नाही भाऊ," मुलगा म्हणाला. "जामसांवली फाट्यावर उतरवून दे. परतीची गाडी भेटन नं?"

"भेटन. अन् हे एवढं मोठं काय हाय?"

"आमचे बाबा हायेत," मुलगा म्हणाला, आणि त्यानं स्वतःच चादर बाजूला केली. "पाहा नं."