फुलीचं अंडं

तसं नाय रं तल्हा, आधी पाला – भांबुर्ड्याचा पाला तळाशी, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधी अंडी, वरनं पुन्हा पाला – अन् पाणी? थेंबभर नाय घालायचं. पण तू कशाला भरतोस मडकं? पोरीला ह्या आबाजीची पोपटी दाखवायची म्हणून कर्जतवरनं आलास ना, मग इल्माला भरू दे. सांडल्या शेंगा तर सांडल्या, शेतातच सांडतायत. – आता कोण? दुकानातनंच ना? वाजू दे फोन. गिऱ्हाईक उद्याबी येईल, ही पोर उद्या एवढीच ऱ्हाईल का?

हां, असं. मडकं उपडं घालू, वर काटक्या, पेंढा. पेटवू दे तिला, तू फक्त हात धर. – धूर गेला गं डोळ्यांत? ह्या बाजूला ये, माझ्यापाशी.

माझा निलेश असाच बसायचा – गुडघ्यावर हनुवटी ठेवून. सारखं, 'बाबा, झाली का?' मी म्हणायचो, मडक्यावर पाणी शिंपड, चर्रकन वाळलं की झाली. शाळेतलं मी काय शिकवणार – मला हेच येत होतं. एका अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारायचा, ते त्याचं. पुढं रसायनीला कामाला लागला, मिशा आल्या, तरी पोपटीला रजा काढून यायचा अन् पहिली फुली मारायचा. मग आमी दोघं जाळापाशी – बोलायचो असं नाय. काय बोलणार? बसायचो.

मागल्या थंडीत दवाखान्यातनं म्हणाला, 'बाबा, मी आल्याबिगर लावू नका हां.' म्हटलं, नाय लावत. त्याची आई रोज म्हणायची, शेंगा जून होतायत, तोडा. नाय तोडल्या. तोडल्या असत्या तर – तो येत नाय हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं ना? मयतीला तू आलतास, तेव्हा बघितलं असशील, सगळा वाल वेलावरच वाळून खडखडत होता. – हे त्याच्या आईलाबी नाय बोललो कधी. तुला कशाला सांगतोय, काय माहीत.

शिंपड गं पाणी. वाळलं? झाली! तल्हा, काठीनं मडकं आडवं कर. फुंकून घे हां बाळ, गरम हाय – नाय नाय, ते ठेव. ते अंडं नको. दुसरं घे. त्याच्यावर फुली हाय बघ, ते...

सकाळी मीच मारली रं. हात आपसूक गेला.

घे. घे गं, तूच घे. तल्हा, सोलून दे तिला, मीठ लाव. – आता माझ्याकडं काय बघतोस? पोरीकडं बघ. मी जरा पेंढा घेऊन येतो. नको, तू नको येऊस. बस तिच्यापाशी.