सोमारीच्या बोटातला प्रकाश

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य व पाहुणे, आज सेवानिवृत्त होणारे आमचे कय्यूम सर, सईदाभाभी आणि ब्रह्मपुरीकर मंडळी, सर्वांना जय भीम, आदाब, नमस्कार.

मी संघप्रिया. सरांकडे भौतिकशास्त्र शिकले, आता आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. सरांच्या शिकवण्याबद्दल आधीचे वक्ते सुंदर बोलले. मी त्यांच्या यंत्राबद्दल बोलते.

आपल्याकडच्या बायांच्या अंगात रक्त किती कमी, हे मी काय सांगावं? सरांनी बोटाला लावायचा चिमटा बनवला. त्यात इन्फ्रारेड एलईडी. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश बोटातून जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला काही शोषतं, उरलेल्यावरून आकडा निघतो. एक चिमटा त्यांनी चाचणीसाठी मला दिला. बजावलं, "प्रत्येकीचं रक्तही घे. अजून माझाच याच्यावर भरवसा नाही."

मे महिन्यात सोमारी आली. आठवा महिना. सोबत नवरा, जंगूभाऊ. सुई पाहून तिनं हात मागे घेतला.

"सुई नोको बाई, मले भेव लागते."

चिमट्यानं दहा दाखवलं. बाहेर रांग होती. मी सुई ठेवून दिली. म्हटलं, "जा, ठीक आहे."

बारा दिवसांनी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन पाच. ती गेली. बाळही गेलं.

सरांनी कारण शोधलं. मेच्या उन्हात उपकेंद्राच्या पत्र्याखाली एलईडी तापला, त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सरकली, आकडा फुगला. ते जंगूभाऊच्या अंगणात जाऊन मातीतच बसले. मी मागे उभी होते.

"जंगूभाऊ, माझं यंत्र चुकलं."

"मंग आता काय करू राह्यले तुमी? थे तं गेली."



चौकशीतही सरांनी तेवढंच सांगितलं, माझं यंत्र चुकलं. नऊ वर्षांचं काम कपाटात गेलं. मंडळी, सोमारीच्या रक्ताचा नमुना तपासणीला आलाच नव्हता, हे सरांना ठाऊक नव्हतं का? नमुन्यांची यादी त्यांच्याच हाती होती. त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हार घालायच्या दिवशी हे बोलू नये, कळतं मला. पण सर, हे ओझं घेऊन तुम्ही घरी जाऊ नका. ते माझं आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मी जंगूभाऊकडे जाते आहे, रक्त मी घेतलंच नव्हतं हे सांगायला.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. दुसरी माफी मी इथे मागत नाही.