अर्धा किलो मटण अन् आंधळगावचे इवाई

...अन् दरवाज्यावर लिहिलं काय, तं 'ढकला'! आमचे गोपीचंदभाऊ ओढून राहिले, ओढून राहिले, काच थरथरून राहिली, अन् ज्या माणसाले कोणाच्याच नजरेत पडायचं नव्हतं त्याच्याकडं सारं दुकान टकामका पाहून राहिलं! तुम्हाले सांगतो, चोराच्या पायात घुंगरू बांधावे तशी गत... अन् हे सारं कायच्यासाठी? अर्धा किलो मटणासाठी!

आता तुम्ही म्हणाल, मटणच घ्यायचं तं इतकं लपायचं काहून? थांबा नं, सांगून राहिलो! गोपीचंदभाऊ आमच्या शहापूरचे, धानाची शेती, घरी शकुनबाई अन् एकुलती एक पोरगी गुंजन. गुंजनचं जमलं आंधळगावच्या मनिषसंग. पोरगा सोन्यासारखा, दोघांचं एकमेकावर मन बसलेलं, सारं झकास... पण पोराची आजी सत्यभामाबाई माळकरी! पोरगी पाहाले आली तं पाण्याचा गिलास हाती घ्यायच्या आधी विचारते, अन् आवाज कसा, जशी गंजावर, पातेल्यावर म्हणा, पळी आपटली, "तुमच्या घरी मांस-मच्छी शिजते का हो?" भाऊनं तोंड उघडलं, पण शकुनबाईनं त्याच्या आधीच उत्तर देऊन टाकलं, "आमच्या घरी? अंडंबी नाही, आजी!" अन् त्याच टायमाले तिकडं सयपाकघरात गुंजन कालच्या रश्श्याचा गंज धानाच्या पोत्यामागं ढकलून राहिली होती!

झालं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला, अन् घरातलं मटण बंद झालं. बरं, बाहीर खावं? तं मनिषची मावशी रिता भाऊच्याच गल्लीत राहाते! तिचं नाक असं, का तुमच्या फोडणीत किती लसूण पडला ते ती आपल्या अंगणातून सांगते. भाऊ बिचारे वांगे खाऊन राहिले, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा खाऊन राहिले, बाजूच्याच्या घरून वास आला का ताटावरून उठून दारात जाऊन उभे राहून राहिले.

अन् अशात हायवेच्या बाजूले हे नवं दुकान उघडलं. पुढं किराणा, पण साधा नाही हं... डब्यातलं चीज, कोरियन नूडल्स, काचेच्या बाटलीत काय तं म्हणे ऑलिव्हचं तेल! अन् मागं, काचेच्या पल्याड, मटण! थंडगार, टोपी-हातमोजे घालून कापणारा माणूस, माशी म्हणून नाही. भाऊले वाटलं, देव पावला! बाहीरून पाहाणारा काय म्हणन? नूडल्स घ्याले गेला असन!

तं डोक्यावरची टोपी पुढं ओढून दरवाजा एकदाचा ढकलला. मागं गेले. दुकानवाला प्रितम, पोट्टा मनानं चांगला, पण आवाज? लगनातला भोंगा! "काका, करी कट का बिर्याणी कट?" भाऊ दबक्या आवाजात म्हणते, "बापू, हळू बोल नं... रश्श्याचं दे." तं हा मोठ्यानं, "रश्श्याचंऽऽ! घ्या काका, तुमचा सतरा नंबर!"

भाऊनं चिठ्ठी खिशात कोंबली, मागं फिरले, अन् पाहातात तं काय... ओट्सच्या डब्यापाशी राजकुमार! मनिषचा बाप! होणारे इवाई! भाऊनं खिशातली चिठ्ठी आणखी आत दाबली. डोळ्यासमोर गुंजन आली, तिनं लपून-लपून मनिषसंग फोनवर बोलणं आलं, लग्नासाठी घेतलेली तिची हिरवी साडी आली... म्हणजे आता पोरीचं लग्न मोडणार? अन् हे सारं कायच्यासाठी? अर्धा किलो मटणासाठी!

नजरानजर झालीच. "अरे, इवाईबुवा! तुम्ही... इतक्या दूर?"

"हो... ते... ओट्स. आंधळगावात चांगले भेटत नाही."

"मीबी ओट्सच! लय चांगले राहातेत म्हणते."

अन् दोघंबी एकेक डबा छातीशी धरून उभे. ओट्स गोड राहाते का खारट, ते दोघांपैकी एकालेबी ठाऊक नाही! जाते बी कोणी नाही, हालते बी कोणी नाही. तेवढ्यात मागून भोंगा वाजला, "सोळा नंबर! पाया तय्यार!" कोणीच नाही गेलं. "सतरा नंबर! मटण!" कोणीच नाही. मंग प्रितम काचेतून डोकं काढून म्हणते, "ओ आंधळगाववाले काका! मागच्या आइतवारासारखाच बारीक करून देला नं पाया!"

राजकुमारचा चेहरा असा, जसं राखुंडी फासली. हातातला डबा खाली ठेवला अन् भाऊचे हातच धरले. "इवाईबुवा, पाया पडतो, लग्न नका मोडू. आई दिवाळीपासून बिमार हाय. उठवत नाही, जेवण जात नाही. डॉक्टर म्हणाले, पायाचं सूप द्या. तिनं माळ काढली, देवापुढं ठेवली, अन् लय रडली जी. मंग पेली. पाहाले आली होती नं तुमच्याकडं, तवा आम्ही अट घातली, अन् आता कोणत्या तोंडानं सांगू? गावात घेतलं तं बोभाटा होते, म्हणून इथवर येतो."

आता पाहा, माणसाचं मन कसं! भाऊचा जीव भांड्यात पडला, अन् पडल्याबरोबर त्यानं छाती फुगवली. म्हणते, "आमच्या घरात हे चालत नाही, राजकुमारजी. पण बिमार माणसाले माफ हाय. मी कोणाले सांगणार नाही..." अन् मागून प्रितम, "सतरा नंबर तुमचाच नं, टोपीवाले काका? कलेजी टाकली हं वरतून!"

राजकुमारनं भाऊकडं पाहिलं. भाऊनं ओट्सकडं पाहिलं. अन् मंग राजकुमार असा हसला, असा हसला, का डोळ्याले पाणी आलं. भाऊबी हसले... अन् हसता-हसता काचेबाहीर पाहिलं, तं रिता स्कुटी लावून राहिली! दोघांनी काउंटरवरून एकेक सारखीच काळी थैली हिसकली अन् मागच्या दारानं, जसे वावरात डुक्कर पळावे तसे पळाले!

घरी येऊन भाऊनं थैली उघडली, तं आत बारीक केलेला पाया! मटण गेलं आंधळगावले! शकुनबाईनं कपाळावर हात मारला. अन् दिवेलागणीले फोन आला. राजकुमारचा नाही. बुढीचा!

"गुंजनचा बाप बोलते का?" भाऊ बसले होते ते उभे झाले. शकुनबाईनं पदर तोंडात धरला. गुंजन दाराआड. "तुमची थैली आमच्या घरी आली. राजकुमारनं सारं सांगतलं." "अंडंबी नाही म्हणत होते नं तुम्ही? आता मी कोणत्या तोंडानं बोलू? माह्यीच माळ देवापाशी हाय." बुढी खोकलली, मंग म्हणते, "रस्सा पेली मी. चांगला होता. पण दात नाहीत मले. पुढच्या टायमाले खिमा धाडजा. अन् पोरगी आमचीच हाय, समजलं?"

तुम्हाले वाटन, झालं, आता भाऊच्या घरी मटण शिजत असन! कायचं जी! शकुनबाई म्हणते, "त्या बुढीनं बिमारीपायी खाल्लं. आपण कायपायी खोटं बोललो? लग्न लागेपर्यंत शब्द पाळायचा!" आता भाऊ दर आइतवारी रांगेत उभे राहाते, खिमा घेते, आंधळगावले पोचवते, अन् घरी येऊन वांगे खाते. परवा मले म्हणते, "पोरीच्या बापाले पोरगी द्या लागते, हे ठाऊक होतं बापा... पण आधी खिमा द्या लागते, हे कोणीच सांगतलं नव्हतं!"