वैशालीचं घोंगडं सगळ्यात वर

अवं, परवा भिंतीपलीकडनं शेजारची वैशाली सासूला सांगताना ऐकलं, "आत्या, मोबाईलवर शोधलं की आपलं घोंगडं सगळ्यात वर..." पुढचं कुकरच्या शिट्टीत गेलं.

दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं न्हाई तर घोंगडी विकायची तिची वेबसाईट बंद, असं सासूनं तिला बजावलेलं. मला कुठला दम! मी सांगत सुटले, अन् म्हसवडातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं मोबाईलवर शोधलं. खरंच वैशाली वर! तिच्या अंगणातच उभी राहून मी सांगलीच्या बहिणीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"घोंगडं शोध. वर कोण हाय?"

"दुसरंच कोणतरी."

"नीट बघ!"

"लय खाली सापडली गं तुझी वैशाली."

वैशाली म्हणाली, "आवं काकू, जवळच्या माणसाला जवळचं दुकान वर दिसतंय. तेच आत्यांना सांगत होते."

"मग बंद कर ती वेबसाईट!" सासू कडाडली.

तेवढ्यात फोनमधनं बहीण ओरडली, "अगं थांब! असलं जाड काळं घोंगडं वरच्यांकडं न्हाई. मला दोन पाहिजेत!"

सासूनं माझ्या हातातला फोनच ओढला. "ताई, किती हात लांब देऊ?"