उभ्या ओळी

लेटी : अहो, म्हणजे आईचं पत्र आणि तुमच्या प्रकाशकाचं पत्र एकाच कागदावर लिहून धाडलंत?

बार्नबी : मग! रोज एक पत्र तुझ्या आईला, रोज एक टिबिट्ससाहेबांना. टपालापायी घर विकायचं का? आडव्या ओळी आईंना, त्यांच्यावरूनच उभ्या ओळी साहेबांना. लंडनला दोघं समोरासमोर तर राहतात. आईंनी आपलं वाचायचं आणि रस्ता ओलांडून कागद साहेबांना द्यायचा. सगळेच लिहितात असं आडवंउभं.

लेटी : एकाच माणसाला लिहितात! आणि आईनं उभं वाचलं तर?

बार्नबी : कसं वाचतील? मान आखडलीये ना त्यांची.

लेटी : अहो, कागद फिरवता येतो.

बार्नबी : ...अरे देवा.

लेटी : काय लिहिलंय उभं?

बार्नबी : कादंबरीचंच गं. ‘या महिन्याच्या भागात म्हातारीला बोटीतून ढकलतो. फार सोसलं तिला. ती मेली की मी सुटलो.’

लेटी : कुठली म्हातारी? ती सासू? जावयाच्या ताटातलं मटण उचलून परत भांड्यात टाकते ती?

बार्नबी : तीच.

लेटी : पोपटाशी भांडते? चर्चमध्ये घोरते? अहो, आईच आहे ती!

बार्नबी : कुणाच्या लक्षात नाही यायचं. मी मुद्दाम मिशी दिलीये तिला.

लेटी : आईला मिशी आहे!

(बाहेर बग्गी थांबते. दारावर छत्रीची मूठ आपटते.)

लेटी : आली!

बार्नबी : मी आजारी आहे म्हण.

लेटी : सेवा करायला आठवडाभर राहील.

बार्नबी : मग मेलो म्हण!

लेटी : मग कायमचीच राहील. ये ना गं आई, ये.

सासूबाई : कुठायत जावईबापू? तो कागद गरगर फिरवून भोवळ आली मला. म्हातारीला ढकलणार होय?

बार्नबी : आई, ती तुम्ही नाही हो! शपथेवर सांगतो, कुणी भलतीच बाई आहे.

सासूबाई : खबरदार! भलती? मटण कोण परत टाकतं? पोपट कुणाचा? ही मिशी कुणाची? पहिल्या भागापासून मीच आहे ती. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी.

लेटी : तुला राग नाही आला?

सासूबाई : राग कसला? मासळीवाली मला बघून उठून उभी राहते आता. पाद्रीबाबा घोरू देतात. मी तडक टिबिट्सकडे गेले, म्हटलं, हे बघा जावयाचे प्रताप.

बार्नबी : साहेब काय म्हणाले?

सासूबाई : म्हणाले, वेळ पडली तर लेखक बदलू, म्हातारी नाही.

बार्नबी : पण आई, मी कंटाळलोय हो तिला! सकाळी उठलो की तीच, जेवताना तीच...

सासूबाई : तुम्ही कंटाळलात, खरंय. मी काही गोड बाई नाही. पण लेटीचे बाबा गेल्यापासून माझी चौकशी कुणी केली नव्हती हो. आता रस्त्यात माणसं थांबवतात, विचारतात, म्हातारीचं पुढे काय? काय सांगू त्यांना?

बार्नबी : ...सांगा, म्हातारी जावयाकडे राहायला आलीये.