हिरवा ठिपका

— नाही म्हणजे नाही, साहेब, आणि हे मी तुम्हाला फुकट सांगतोय. मेलेले मदरबोर्ड जिवंत करून विकणं हा धंदाच नव्हे. ठेवा ते पोतं खाली — स्टुलावर नको, त्याचा चौथा पाय नावालाच आहे. कुठल्या ऑफिसनं भंगारात काढले म्हणालात? चाळीस? आणि तुम्ही नोकरी सोडणार, घरी बसून हे दुरुस्त करणार, विकणार आणि सुखी होणार. वा! बायकोला विचारलंत? नाही ना? तेच. मीही नव्हतं विचारलं.

हा वरचाच घ्या. हे नळकांडं दिसतंय, डोकं फुगलेलं? कपॅसिटर. हा फुगला की बोर्ड आडवा. जुना काढा, नवा लावा, झालं — असं कुणीतरी व्हिडिओत सांगितलं असेल, हो ना? तो दुरुस्ती करत नाही हो, तो व्हिडिओ करतो. एक बसवला की शेजारचा फुगतो. अर्धा दिवस डोळ्याला भिंग लावून बसायचं, मान मोडून घ्यायची, सोल्डरचा धूर नाकात — आणि एवढं करून बोर्ड उठलाच तर गिऱ्हाईक म्हणतं, जुनाच आहे ना? जुनाच आहे बाबा! तुझा बापही जुनाच आहे, विकायला काढलास का त्याला? — असं तोंडावर म्हणता येत नाही, ही आणखी एक अडचण. म्हणजे मी म्हणतो, पण म्हणू नये.

मग मी का करतो? कारण मला येतं. स्वतःच्या तोंडानं सांगतो, दुसरं कोण सांगणार. नऊ वर्षं झाली, या दुकानातून गेलेला एक बोर्ड परत आलेला नाही. एक नाही! विचारा कुणालाही. म्हणजे — विचारायला आता तसं कुणी उरलेलं नाही, पण विचारा.

कशाला लपवू, बंद करायची वेळ आलीय. मेहुण्याचं टीव्ही-फ्रिजचं शोरूम आहे, तिथं मला उभं करायचं ठरलंय — टाय लावून! हा गळा बघा आणि टाय बघा! ठरवलं कुणी? हिनं. माझ्या बायकोनं. इतकी वर्षं दुपारी मी घरी जाऊन जेवून आडवा व्हायचो तेव्हा हीच दुकानात बसायची, विणकाम घेऊन, चकार शब्द नाही. आणि गेल्या महिन्यात एकाएकी म्हणाली, बास, मी दमले. म्हटलं, खुर्चीत बसून दमलीस? तर असं बघितलं माझ्याकडे — आणि म्हणाली, तुमच्या हातचा एक तरी बोर्ड पाच वर्षं चाललेला दाखवा, पुन्हा बोलणार नाही. सोमवारपर्यंत. आज शनिवार. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून कान शेकला. एकानं कॉम्प्युटर मोडीत काढला, एकाच्या नळाचं पाणी आत गेलं, एक गिऱ्हाईक स्वतःच वारलेलं — मुलाला म्हटलं, वाईट झालं, पण बोर्ड कसा आहे? शिव्या घातल्या त्यानं. हसा, हसा. तुमची पाळी यायचीय.

ओता पोतं, बघू तरी काय पाप घेऊन आलात ते. हा गेलेला... हाही... हा तर तव्यावर भाजल्यासारखा आ— थांबा. हात लावू नका. हा लाल ठिपका कोपऱ्यातला — अहो, हा माझा! दुरुस्त केलेल्या प्रत्येक बोर्डावर मी हिच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. दर वर्षी ती रंग बदलते, ठिपक्यावरून वर्ष कळतं. लाल म्हणजे पहिलं वर्ष! नऊ वर्षं! मेला म्हणून टाकला का त्यांनी? काय म्हणता, यातले काही परवापर्यंत चालू होते, नवीन आले म्हणून काढले? मग मघापासून तोंड का शिवलं होतंत? सरका, प्रोसेसर लावतो, रॅम लावतो — गप्प बसा आता, एकच बीप वाजली पाहिजे. दोन वाजल्या तर बोंब.

...

ऐकलीत? एकच! सोमवार कशाला, आत्ता जातो, तिच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, बोल आता! कपॅसिटर बघा, एक तरी फुगलाय? टाके बघा माझे, सोल्डर कसं —

भिंग द्या जरा ते.

हे टाके माझे नाहीत. माझं सोल्डर म्हणजे शेळीची लेंडी, जिथं पडेल तिथं, खोटं कशाला बोलू. हे बघा, मोहरीएवढं, सगळे सारखे, एका ओळीत. आणि लाल ठिपक्याच्या खाली हा — हिरवा. शेवाळी. हा रंग तिनं एकदाच आणला होता. मी म्हटलं, बोटं बुडवलीस कशात? दोन दिवसांत बाटली नाहीशी झाली. मला वाटलं, फेकली.

म्हणजे परत आला होता हा. दुपारी. मी घोरत होतो तेव्हा. हा परत आला होता, आणि — हा एकटाच कसा येईल? आणि मी झोप काढून परत आलो की चारचौघांत छाती ठोकायचो, एक परत आला नाही, एक परत आला नाही, आणि ती तिथं कोपऱ्यात विणत ऐकत असायची. कधी म्हणाली नाही. एकदाही नाही. दमणार नाही तर काय होईल. तुमच्या हातचा दाखवा म्हणाली. माझ्या हातचा!

लाज वाटते हो. हसू नका आता.

पोतं राहू द्या इथंच. नाही, विकत नाही घेत, राहू द्या म्हटलं ना. हा एवढा मी नेतो घरी. टाय मी लावतो, उद्यापासून लावतो, फ्रिजची दारं उघडून दाखवतो लोकांना, तेवढं जमेल मला. या खुर्चीत ती बसेल, तिला बसायचं असेल तर. धंदा परवडतो का, हे मला काय विचारता? जिला ठाऊक आहे ती घरी आहे. निघा तुम्ही. सोमवारी या, दुपारी.