दुसरी शेगडी बंद होती

पुरवणी जबाब

नाव ओकिनो तोमिए, वय ६१ वर्षे, काम उपाहारगृहात शेवया उकडण्याचे, राहणार तानिमाची, ओसाका.

मी आज सकाळी नऊ वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगते की, गेल्या गुरुवारच्या माझ्या जबाबातले "दोन पातेली चालू होती" हे म्हणणे खोटे आहे. खरी हकिकत पुढीलप्रमाणे.

होम्माचीतले 'मियोशीया' हे दुकान माझा धाकटा भाऊ मियोशी तात्सुओ, वय ५४, याचे आहे. अकरा वर्षांपूर्वी माझे पती वारले तेव्हा त्याने मला कामावर घेतले, राहायला खोलीही त्यानेच पाहून दिली. मी पडद्यामागे शेगडीपाशी असते. सोबाच्या शेवया कुट्टूच्या, उदोनच्या गव्हाच्या, म्हणून दोन्हींची पातेली वेगळी. गुरुवारच्या आठ दिवस आधी उदोनच्या पातेल्याखालची शेगडी पेटेनाशी झाली. मी भावाला दोनदा सांगितले. कारागीर आत शिरला तर दुपारचे गिऱ्हाईक परत जाईल, सुट्टीत बघू, असे तो म्हणाला. तेव्हापासून मी दोन्ही शेवया एकाच पाण्यात उकडत होते.

गुरुवारी दुपारी बारा वीसला दुकान भरलेले होते, दाराबाहेर नऊ-दहा माणसे रांगेत होती. नेहमीचे गिऱ्हाईक सुगिउरा हे आपल्या हाताखालच्या बाईंना घेऊन आले आणि पडद्यालगत बसले. त्या बाई म्हणजे मयत हायामी नोरिको, वय ३४. त्यांचे बोलणे मला आत ऐकू येत होते. हायामी यांनी भावाला विचारले, "मला कुट्टूचं वावडं आहे. उदोन सोबाच्या पाण्यात उकडत नाही ना?"

सुगिउरा म्हणाले, "जाईल तिथं हिची उलटतपासणी. अगं, वीस वर्षं खातोय मी इथं, मेलो का?"

"तुम्हाला काय होतंय साहेब? तुम्ही ऑफिसातला चहासुद्धा पचवता," असे त्या म्हणाल्या. शेजारी बसलेली दोन गिऱ्हाइकेही हसली.

भावाने मान न वळवता मला विचारले, "ताई, पातेली वेगळीच ना?"

मी "हो" म्हणाले.

अकरा वर्षे मी या प्रश्नाला हेच उत्तर दिले आणि ते खरे होते. त्या दिवशीही तोंडातून तेच गेले. वाडगा पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आले. त्या माझ्यापासून दोन पावलांवर होत्या. सगळ्यांदेखत भावाला खाली बघावे लागेल असे माझ्या मनात आले. मी पुढच्या शेवया पाण्यात सोडल्या. हायामी यांनी वाडगा उचलून आधी वास घेतला, रस्सा चाखला, मग खायला लागल्या. हे मी पडद्याच्या फटीतून पाहिले. तीन-चार मिनिटे होती. मला हाक मारता आली असती.

साडेबाराच्या सुमारास त्यांनी पाणी मागितले आणि गळ्याशी हात नेला. घास अडकला असे समजून सुगिउरा त्यांची पाठ चोळू लागले. त्या स्टुलावरून खाली आल्या. इंजेक्शन ऑफिसातल्या पिशवीत आहे एवढे त्या बोलू शकल्या. सुगिउरा धावत गेले. रुग्णवाहिका बारा एकेचाळीसला आली, तोवर सुगिउरा परतले नव्हते. संध्याकाळी त्या दवाखान्यात वारल्या.

रुग्णवाहिका गेल्यावर भावाने दार लावले, पातेल्यातले पाणी ओतून टाकले आणि कारागिराला फोन केला. तीन वाजता दुसरी शेगडी पेटली. "कुणी विचारलं तर दोन म्हणायचं. ताई, माझ्या पोरींकडे बघ," असे तो म्हणाला. मी तसेच सांगितले.

काल सकाळी दहाला हायामी यांच्या आई तोत्तोरीहून दुकानात आल्या. हातात मिठाईचा डबा होता. कमरेत वाकून त्या म्हणाल्या, "ऐन जेवणाच्या वेळी माझ्या मुलीमुळं तुमचा खोळंबा झाला. माफ करा." भाऊही वाकला. मग त्यांनी विचारले, "पाच वर्षांची असल्यापासून शिकवलंय तिला, विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्या दिवशी विसरली का हो?"

भाऊ म्हणाला, "नाही विचारलं त्यांनी."

"घाईत असेल," असे त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. भावाने डबा घेतला. मी पडद्यामागे होते. त्या बाहेर पडल्यावर मी कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, पण हाक मारली नाही.

मी इथे आल्याचे भावाला ठाऊक नाही. यानंतर दुकानाचे आणि माझे काय होईल याची मला कल्पना आहे. भावाने मला विचारले होते आणि उत्तर मी दिले होते, हेही लिहून घ्यावे. हायामी नोरिको यांनी खाण्याआधी विचारले, हे त्यांच्या आईला कळवावे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटी एके ठिकाणी "विचारले असावे" असे लिहिले गेले होते. ते खोडून "विचारले" असे करून घेतले आणि त्या खाडाखोडीवर मी अंगठा उठवला आहे.